अर्जाकडून संपाकडे : धारावी बेटाची एक नोंद

वडील गेल्यानंतर त्यांची ट्रंक उघडली तेव्हा तळाशी अर्जांच्या नकलांची एक फाइल सापडली. कार्बन कागदाच्या निळ्या, आता पुसट झालेल्या नकला. सगळे अर्ज १९७४ च्या जून ते डिसेंबरमधले, सगळे इंग्रजीत, आणि त्यांतला एकही वडिलांनी स्वतःसाठी लिहिलेला नव्हता. त्या वर्षी ८ मे रोजी देशभर रेल्वेचा संप सुरू झाला. सुमारे १७ लाख कामगारांचा हा संप वीस दिवसांत, २७ मेच्या सुमारास मागे घ्यावा लागला. हजारो लोक तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. भाईंदरहून लोकलने कामाला जाणाऱ्या आमच्या ओळखीच्या काही घरांतही बडतर्फीचे कागद आले.

वडील रेल्वेतच कारकून होते. ते संपात गेले नाहीत. पण संप फसल्यावर संध्याकाळी ओटीवर टाइपरायटर घेऊन बसत आणि काढून टाकलेल्यांना अर्ज लिहून देत. पैसे घेत नसत. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. मला फक्त तो आवाज आठवतो. आईने पुष्कळ वर्षांनी सांगितले, की त्यांतल्या एकाने वडिलांना तोंडावर विचारले होते, तुम्ही आमच्याबरोबर का आला नाहीत? वडील म्हणाले, "संप करणं हे आपल्या माणसांचं काम नव्हे."

'आपली माणसे' म्हणजे नेमकी कोण, आणि संप हे त्यांचे काम का नव्हे, हा प्रश्न माझ्या मागे लागला तो तेव्हापासून. मी इतिहासाचा पदवीधर नाही. हिशेबाच्या नोकरीत आयुष्य गेले. जे काही शिकलो ते ग्रंथालयात बसून, जुन्या नोंदवह्या चाळून आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून. त्यामुळे या लेखात पंडिती सिद्धांत नाही. एका लहानशा मुलखातल्या एका बदलाची ही नोंद आहे.

हा मुलूख म्हणजे धारावी बेट. मुंबईच्या धारावीशी याचा काही संबंध नाही, हे दर वेळी सांगावे लागते. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला उतरून उत्तनची बस धरली, की मिठागरांच्या कडेने राई, मुर्धे, मोर्वे ही गावे लागतात, पुढे डोंगरी आणि मग समुद्रालगत उत्तन, पाली, चौक. वसईच्या खाडीच्या तोंडावर हा किनारा आहे. १५३४ च्या तहाने वसई आणि आसपासचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला, आणि पुढच्या दोन शतकांत इथले शेतकरी, आगरी, कोळी मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत धारावीच्या किल्ल्यासाठीही लढाई झाली. राज्य बदलले, देवळे राहिली. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. डोंगरीचे देऊळ बेथलेहेम मातेचे आणि उत्तनचे समुद्र मातेचे. शेतकऱ्यांची देवी गोठ्यात आणि कोळ्यांची समुद्रावर, असे माझी आई गमतीने म्हणे. ती उत्तनची, कोळ्यांतली. वडील डोंगरीचे, शेतकऱ्यांतले. धर्म एक, बोली जवळपास एक. तरीही ते लग्न सहज झाले नव्हते. ख्रिस्ती समाजात जात नसते असे ज्यांना वाटते त्यांनी अशा घरात चार दिवस राहावे.

आता वडिलांच्या त्या वाक्याकडे येतो. ते वाक्य त्यांचे एकट्याचे नव्हते, त्यामागे किमान शंभर वर्षांची सवय होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत नोकऱ्या वाढल्या. गोव्याचे आणि मंगळूरचे ख्रिस्ती त्या नोकऱ्यांसाठी आले. सरकारदप्तरी सगळ्यांना 'पोर्तुगीज ख्रिस्ती' असे एकच नाव. इथल्या मूळच्या ख्रिस्ती पुढाऱ्यांना हे जाचू लागले. २६ मे १८८७ रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने, त्यांनी 'बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन' स्थापन केली. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनची जुनी, इमानी ब्रिटिश प्रजा आहोत, म्हणून सरकारी नोकरीत आपला हक्क आधी, हा त्या नावामागचा युक्तिवाद. आज 'ईस्ट इंडियन' म्हटले की लुगडे, बाटली मसाला आणि लग्नातली गाणी डोळ्यांपुढे येतात. मुळात ते नाव म्हणजे एक अर्ज होता.

जमिनीच्या बाबतीतही हेच. १८७० साली मीरा, भाईंदर, घोडबंदर भागातली जमीन इंग्रज सरकारने रामचंद्र लक्ष्मणजी यांना ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. खाडीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालायचे आणि त्या बदल्यात उत्पन्नाचा हिस्सा घ्यायचा, असा तो व्यवहार. त्या पट्ट्याची सावली या शहरावर अजून आहे, आणि तो झगडा मुख्यतः कचेऱ्यांत आणि कोर्टांत लढला गेला. देवळाच्या कारभाराचे म्हणावे तर साष्टीतली बरीच धर्मग्रामे पोर्तुगालच्या पाद्रोआदो अधिकाराखाली होती. १८८६ पासून १९२८ पर्यंत ती दमणच्या बिशपांकडे होती आणि नंतर मुंबईच्या धर्मप्रांतात आली. कोणत्या बिशपाचे ऐकायचे यावरून गावागावांत फळ्या पडल्या. ते भांडणही निवेदनांनी आणि सह्यांनी चाले. म्हणजे सरकार, जमीनदार आणि धर्मसत्ता या तिघांशी बोलण्याची आमची एकच भाषा होती. खाली सही, वर 'आपला आज्ञाधारक'.

चर्च संपाच्या विरुद्ध होते का? याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. त्यात समाजवाद नाकारला आहे, पण कामगारांचा संघटनेचा हक्क मानला आहे. संपाबद्दल त्यांचे म्हणणे असे, की कामाचे तास फार, काम जड आणि मजुरी अपुरी, म्हणून संप होतात. ती कारणे सरकारने आधीच दूर करावीत. १९५५ साली पायस बारावे यांनी १ मे हा कामगार संत योसेफाचा सण ठरवला. लाल झेंड्याच्या दिवशीच देवळाची घंटा वाजू लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये, शेवटचा उपाय म्हणून का होईना, संप मान्य केला, आणि जॉन पॉल दुसरे यांच्या १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स'ने त्याला काही मर्यादांसह कायदेशीर साधन म्हटले. कागदावर वाट मोकळी होत गेली. गावापर्यंत ती पोचायला वेळ लागला.

हे आपल्याकडेच झाले असे नाही. कॅनडातला क्वेबेक प्रांत त्या काळी आमच्यापेक्षाही कडवा कॅथलिक. शाळा, इस्पितळे आणि कामगार संघटनासुद्धा चर्चच्या आधाराने चालत. तिथे १९४९ साली अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणकामगारांनी संप केला. सरकार खाणमालकांच्या बाजूने उभे राहिले. माँट्रियलचे आर्चबिशप जोसेफ शार्बोनो यांनी मात्र संपकऱ्यांच्या कुटुंबांसाठी देवळांतून वर्गणी गोळा करायला सांगितले. पुढच्या वर्षी त्यांना पद सोडून देशाच्या दुसऱ्या टोकाला जावे लागले. संपाने मजुरीत फार मोठा फरक पडला नाही, पण क्वेबेकचा समाज तिथून बदलू लागला असे मानणारे पुष्कळ आहेत. १९५६ मध्ये त्या संपावर निघालेल्या अभ्यासग्रंथाचे संपादक पिएर त्रुदो पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. हे वाचताना माझ्या मनात आले, की संप कशासाठी झाला यापेक्षा तो करताना माणसे कोणाशी जोडली गेली आणि कोणापासून सुटली, हे पाहायला हवे.

आमच्याकडच्या संपांचे पुढारी तर चर्चच्या अंगणातूनच आलेले. मुंबईच्या गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो हे मंगळूरकडचे कॅथलिक. त्यांच्या नावाचा रस्ता गोदीच्या भिंतीला लागूनच आहे. त्यांच्याकडे धडे घेतलेले जॉर्ज फर्नांडिस हेही मंगळूरचे, आणि धर्मगुरू व्हायला सेमिनरीत गेलेले. तिथे वरिष्ठ धर्मगुरूंना उंच टेबलावर चांगले जेवण आणि विद्यार्थ्यांना खाली हलके, हा भेद पाहून ते बाहेर पडले असे ते सांगत. १९७४ चा संप त्यांनीच पुकारला. आमच्या घरी त्यांचे नाव 'सेमिनरी सोडून आलेला' अशा सुरात निघे. वडिलांच्या मनात भीती होती, पण त्याबरोबर अपराधाची भावनाही असावी. नाहीतर सहा महिने दुसऱ्यांचे अर्ज कोण टाइप करत बसेल?

ही झाली डोंगरीची, कारकुनाच्या घरची बाजू. आईचे माहेर उत्तनला, पाऊण तासाच्या चालीवर. तिथे मात्र गोष्ट वेगळी घडली.

माझा मामा नाखवा होता. एक होडी, डोलीची जाळी, बोंबील आणि जवळा. डोलीच्या मासेमारीत जाळे समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधतात आणि भरती-ओहोटीचा प्रवाह मासे त्यात आणून घालतो. खुंट ठोकून राखलेल्या या जागेला कव म्हणतात. अशा माणसाने संप करायचा तर कोणाविरुद्ध? त्याला मालक नाही, फाटक नाही, पगार नाही. तो समुद्रावर गेला नाही तर नुकसान त्याचेच. मुंबईच्या गिरणीसंपावर ढीगभर लिहिले गेले, पण हा प्रश्न त्या लिखाणात कधी येतच नाही.

याचे उत्तर किनाऱ्यावर इतर ठिकाणी आधी शोधले गेले. गोव्यात सत्तरच्या दशकात ट्रॉलर आले आणि किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यात मासळी येईनाशी झाली. तिथले रापणकार, बहुतेक ख्रिस्ती खारवी, शाळामास्तर माथानी साल्ढाणा यांच्याभोवती एकत्र आले. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतल्या अशा संघटनांचा देशव्यापी मंच झाला. तोच पुढे नॅशनल फिशवर्कर्स फोरम, आणि १९८५ मध्ये त्याची कामगार संघटना म्हणून नोंदणी झाली. होडीवाल्या मच्छीमारांनी स्वतःला कायद्याने 'कामगार' म्हणवून घेतले, याचे मला आजही आश्चर्य वाटते. केरळात तर धर्मगुरू आणि धर्मभगिनीच पुढे होत्या. रिडेम्पटोरिस्ट संघाचे फादर थॉमस कोचेरी १९८१ मध्ये उपोषणाला बसले, १९८४ मध्ये सिस्टर अ‍ॅलिस बसल्या. काही बिशपांना हे रुचले नाही. पण उपवास हा चर्चचाच जुना शब्द. त्याला नाही कसे म्हणायचे? १९८९ च्या एप्रिलमध्ये एक मोर्चा पूर्व किनाऱ्याने आणि एक मुंबईहून पश्चिम किनाऱ्याने निघाला, आणि १ मे रोजी दोन्ही कन्याकुमारीला मिळाले. तिथे पोलिसांनी गोळीबार केला.

मग १९९१ चे धोरण आले. परदेशी कंपन्यांच्या भागीदारीतल्या मोठ्या जहाजांना खोल समुद्रात मासेमारीचे परवाने मिळू लागले. त्याविरुद्ध ४ फेब्रुवारी १९९४ रोजी देशभर मासेमारीचा एक दिवसाचा संप झाला आणि त्याच वर्षी २३ आणि २४ नोव्हेंबरला दोन दिवसांचा. या दुसऱ्या संपाच्या वेळी मी पंचवीस वर्षांचा होतो. मामाकडे गेलो होतो, आणि जे पाहिले ते तेव्हा फारसे उमगले नाही.

होड्या ओळीने उभ्या होत्या. पिकेटिंग नव्हते, घोषणाही फारशा नव्हत्या. आदल्या रविवारी मिस्सानंतर देवळाच्या आवारात सांगितले गेले होते आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिले होते, इतकेच. मी मामाला विचारले, एखादा गेलाच तर? त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी गुड फ्रायडेला कोणी होडी काढली तर असे विचारले असावे. माझ्या मते सगळे मर्म तिथेच आहे. होड्या एकत्र बंद ठेवणे हे या गावाला नवे नव्हते. गुड फ्रायडेला होड्या जात नाहीत, गावात मयत झाली तर जात नाहीत, पावसाळ्यात तर महिनोन्महिने जात नाहीत. पाळणूक, देखरेख, मोडणाऱ्याला दंड, हे सगळे जमातीच्या आणि धर्मग्रामाच्या रिवाजात आधीच होते. डिझेल-बर्फ देणाऱ्या सोसायटीने त्यात हिशेबाची शिस्त घातली. संप करायला लागणारी सगळी हत्यारे त्या आज्ञाधारक समाजाच्या घरातच होती. फक्त ती सरकारकडे तोंड करून कधी धरली नव्हती.

मामाला मात्र फार अभिमान वाटत नव्हता. पौर्णिमा होऊन पाच दिवस झाले होते, उधाण ओसरत आले होते. डोलीला प्रवाहाचा जोर लागतो. तो म्हणाला, "भर उधाणात बंद ठेवला असता तर खरं." मामीचे म्हणणे आणखी रोखठोक होते. ती भाईंदरच्या बाजारात बसे. "तुमचा बंद दोन दिवसांचा. माझं गिऱ्हाईक एकदा दुसरीकडे गेलं की आठ दिवस येत नाही." तरी तिने दुसऱ्या बंदरावरची मासळी घेऊन विकली नाही. संपाच्या इतिहासात अशा बायकांची नोंद कोणी ठेवत नाही, कारण त्या संपावर नसतात. त्या फक्त रिकामी पाटी घेऊन घरी बसतात.

मे १९९५ मध्ये फादर कोचेरी गांधीजींच्या जन्मगावी, पोरबंदरला उपोषणाला बसले. सरकारने पी. मुरारी यांच्या अध्यक्षतेखालची समिती नव्याने रचली आणि तीत मच्छीमारांचे प्रतिनिधी घेतले. १९९६ च्या फेब्रुवारीत समितीने त्या परवान्यांविरुद्ध शिफारस केली आणि ते धोरण अखेर मागे पडले. भारतातल्या संपांच्या यादीत असे यश विरळ. आठ वर्षांपूर्वी, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणीसंपात अडीच लाख कामगार उतरले होते आणि तो संप कधी रीतसर मिटलाच नाही, हे शेजारी ठेवून पाहावे. 'आठ वर्षांपूर्वी' म्हणजे पहिल्या हाकेच्या आधी बारा, असे हिशेबनीस मित्राने दुरुस्त केले. मी मुद्दाम दोन्ही ठेवतो, कारण मला ती दोन आंदोलने नेहमी खऱ्यापेक्षा जवळ वाटतात.

पण धोरण मागे गेले यापेक्षा मला गावातला बदल मोठा वाटतो. उत्तन-वसईचे ख्रिस्ती कोळी आणि उत्तरेकडच्या सातपाटी-डहाणू पट्ट्यातले हिंदू कोळी यांच्यात कवींच्या जागेवरून जुने वैर आहे. समुद्रात कवी उपटणे, जाळी कापणे इथपर्यंत ते गेलेले. ते वैर मिटलेले नाही. तरीही राज्यव्यापी कृती समितीत ही माणसे एका टेबलाशी बसू लागली. ज्या समाजाने १८८७ मध्ये आपण इतरांपेक्षा वेगळे हे सांगायला नाव घेतले, त्याचा एक भाग शंभर वर्षांनी 'मच्छीमार' हे नाव घेऊन इतरांत मिसळला. उत्तनचे लिओ कोलासो यांच्यासारखा माणूस देशपातळीवरच्या मच्छीमार चळवळीचा पुढारी झाला, आणि तो धर्मगुरू नव्हता. धर्मगुरू मागे सरकले असे म्हणणार नाही. ते व्यासपीठावर असतात, पण आता बहुधा कडेच्या खुर्चीवर. डोंगरीच्या बाजूला हा बदल उशिरा आणि कमी झाला. आम्ही अजूनही निवेदने चांगली लिहितो.

आता ज्या गोष्टीने मला हा लेख लिहायला लावले ती. १५ डिसेंबर २०२० रोजी डहाणूजवळच्या वाढवण बंदराविरुद्ध किनाऱ्यावर बंद झाला. (बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, तो भाग वेगळा.) मी त्या दिवशी मामेभावाकडे होतो. होड्या तशाच ओळीने उभ्या. एका होडीच्या सावलीत तीन खलाशी पत्ते खेळत बसले होते, झारखंडचे. मामाच्या काळी खलाशी म्हणजे भाचा, पुतण्या, शेजारच्या आळीतला. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा आणि माणसांचे वाटे असे उत्पन्न वाटले जाई. बंद झाला तर तोटाही त्याच प्रमाणात वाटला जाई. आता खलाशाला ठरलेला पगार आणि मासळी चांगली लागली तर वर काही. त्यांतल्या एकाने मला मामेभावाचा नातेवाईक म्हणून विचारले, "आज बंद है, तो ऊपर का पैसा भी बंद?" मी म्हटले, असेल. त्याने पत्ते पिसत पुन्हा विचारले, बंद कोणी ठरवला?

मामेभावाला मी हे सांगितले तेव्हा तो चिडला नाही. म्हणाला, सभेला फक्त सभासद येतात, खलाशी सभासद नाहीत, त्यांना कोण विचारणार? मग जरा वेळाने, "पप्पांच्या वेळी विचारत होते का?" आम्ही मामीला विचारले. ती म्हणाली, "तेव्हा विचारायचं कशाला, रात्री जेवायला सगळे इथंच असायचे."

बंदच्या दिवशी खलाशाला काय द्यायचे, आणि तो ठरवताना त्याला विचारायचे की नाही, हा विषय सभेत घ्यावा म्हणून मामेभावाने पुढे एक पत्र दिले. मसुदा माझाच. वडिलांच्या फाइलमधल्या अर्जांवरून मायना उचलला, तेवढा 'आज्ञाधारक' शब्द काढला. पत्राची नकल त्याच फाइलमध्ये लावून ठेवली आहे. विषय अजून सभेपुढे आलेला नाही.